आधी सांग, थांबणार कसा?

मागच्या डिसेंबरात माझा भाचा दुबईहून आठ-दहा दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आला. सोळा वर्षांचा, उंच, बोलका. आल्या आल्या त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. पांढराशुभ्र उतार, आणि एका रुंद फळीला दोन्ही पाय बांधून हा पठ्ठ्या कधी डावीकडे तर कधी उजवीकडे झुकत खाली येतो आहे. मी म्हटले, "काश्मीरला कधी गेला होतास रे?" तो हसला. "खाला, काश्मीर कुठलं! हे मॉलमध्ये आहे."

खरेच आहे ते. दुबईच्या 'मॉल ऑफ द एमिरेट्स'मध्ये 2005 पासून 'स्की दुबई' नावाचा बंदिस्त बर्फाचा डोंगर आहे. बाहेर वाळवंटाचे ऊन, आत शून्याच्या आसपास तापमान, आणि सर्वांत लांब उतार 400 मीटरचा. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी आखातात आहे, त्यामुळे मुलाबाळांना तिथे नेऊन आणलेले वाचकही पुष्कळ असतील. बहुतेक जण जाड कोट घालतात, पेंग्विन बघतात, फोटो काढतात आणि कुडकुडत बाहेर येतात. आमच्या भाच्याने मात्र तिथे स्नोबोर्डचे धडे घेतले. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच खूळ. "खाला, तुमच्याकडे बर्फ नाही, पण उतार किती आहेत! मला स्केटबोर्डवर अगदी तसंच झुकत, वळत यायचंय. तसा एखादा बोर्ड मागवा ना."

भाचा वर्षातून एकदा येतो. मी लगेच मागवला. ऑनलाइन, दोन दिवसांत घरपोच. जाहिरातीत 'कार्व्हिंग'साठी उत्तम असे लिहिले होते. फळीवर आगीच्या ज्वाळांचे चित्र होते. किंमत परवडण्यासारखी होती. यापेक्षा जास्त मी काही पाहिले नाही.

आमच्या गावात खाडीकडे उतरणारा रस्ता आहे. नुकतेच डांबर पडले होते. सकाळी साडेसातची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. भाचा वर, मी खाली मोबाइल धरून उभी, माझी बारा वर्षांची लेक माझ्या शेजारी. पहिली दोन वळणे त्याने कशीबशी घेतली. मग वेग वाढत गेला. थांबण्यासाठी त्याने तेच केले जे तो बर्फावर करत असे. झटका देऊन फळी रस्त्याला आडवी केली. चाके जागच्या जागी अडली, फळी थांबली आणि भाचा पुढे फेकला गेला. पडताना त्याने उजवा हात टेकला. मनगटाचे हाड मोडले.

तो व्हिडिओ अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. शेवटच्या चार सेकंदांत नुसते आभाळ दिसते आणि माझी किंकाळी ऐकू येते.

बाजीला फोन करायला मला अर्धा तास लागला. ती रागावली नाही, रडलीही नाही. एवढेच म्हणाली, "तू होतीस ना तिथं?"

आमच्या शाळेत विज्ञानाचे सर मुलांना बर्नर पेटवायला शिकवण्याआधी तो बंद कसा करायचा ते शिकवतात. मी उर्दू आणि मराठी शिकवते, पण इतके तर मलाही कळते. तरीही मी त्या मुलाला उतारावर पाठवताना एकदाही विचारले नाही की बाळा, तू थांबणार कसा? बाजीच्या त्या एका वाक्याने मला अभ्यासाला बसवले. भाच्याचा हात प्लास्टरमध्ये होता, पण डोक्यातले खूळ काही गेले नव्हते. मग आम्ही दोघांनी, तो दुबईहून आणि मी इथून, व्हिडिओ कॉलवर वर्षभर हा विषय समजून घेतला. कोणाच्या घरात असा हट्ट चालू असेल तर आमचा अभ्यास त्यांच्या कामी यावा, म्हणून हे लिहीत आहे.

खडूची रेघ आणि डस्टरचा पट्टा

स्नोबोर्डवर माणूस दोन वेगळ्या गोष्टी करतो. बघणाऱ्याला त्या एकच वाटतात.

पहिली गोष्ट कार्व्हिंग. स्नोबोर्डच्या दोन्ही बाजूंना पोलादी कड असते आणि फळी मध्ये कमरेला निमुळती असते. फळी एका बाजूला कलली की ती वळलेली कड बर्फात रुतते आणि आपल्याच आकाराप्रमाणे फळीला गोल घेऊन जाते. साध्या बोर्डची ही कड कागदावर पुढे वाढवत नेली तर साधारण 7 ते 9 मीटर त्रिज्येचे वर्तुळ होईल. फळी जितकी जास्त कलेल तितके वळण आखूड. गणिताच्या सरांनी मला हिशेब करून दाखवला. फळी 60 अंश कलली तर वळणाची त्रिज्या निम्मी होते. असे वळण घेतल्यावर बर्फावर मागे एक बारीक रेघ उमटते, फळ्यावर खडूने ओढावी तशी.

दुसरी गोष्ट घसरणे. स्नोबोर्डचा तळ गुळगुळीत असतो, त्यामुळे फळी आडवी करून बर्फ खरवडत बाजूलाही घसरता येते. वेग याच घसरण्याने कमी होतो आणि थांबणेही यानेच होते. याचा ठसा रुंद असतो, फळ्यावरून डस्टर फिरवावा तसा.

बर्फावर माणूस सारखा खडू आणि डस्टर दोन्ही वापरत असतो. वळण घेतो, थोडे घसरतो, पुन्हा वळण घेतो. त्याचा ब्रेक त्याच्या वळण्यातच असतो. म्हणून त्याला वेगळा ब्रेक शिकल्याचे आठवतही नाही.

स्केटबोर्डवर यातला फक्त खडू मिळतो, डस्टर मिळत नाही. चाके पॉलियुरेथेनची असतात. ती पुढे गरागरा फिरतात, पण आडवी केली की रस्ता घट्ट धरतात. 1970च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत स्केटबोर्डला मातीसारख्या ठिसूळ मिश्रणाची किंवा लोखंडाची चाके असत आणि ती भलत्या वेळी निसटत. फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुण अमेरिकनाने पॉलियुरेथेनची चाके बाजारात आणली तेव्हा लोक झुकून निर्धास्त वळू लागले. ज्या पकडीमुळे वळणे शक्य झाले, त्याच पकडीने माझ्या भाच्याला फेकून दिले. सराव केलेले लोक रस्त्यावरही चाके घसरवून दाखवतात, पण ती पुढची विद्या आहे. नवशिक्याने तिच्यावर विसंबू नये.

तसे पाहिले तर ही सगळी एकाच घरातली भावंडे आहेत. कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर फळी चालवणाऱ्यांनी 1950च्या दशकात लाटा नसतील त्या दिवसांसाठी फळीला चाके लावली. 1965 साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन या गृहस्थाने आपल्या मुलींना खेळायला दोन स्की एकमेकींना जोडून दिल्या. त्याच्या बायकोने त्या खेळण्याला 'स्नर्फर' नाव दिले, म्हणजे स्नो आणि सर्फर मिळून. पुढे त्यातूनच स्नोबोर्ड आला आणि 1998 साली जपानच्या नागानोत ऑलिंपिकलाही पोहोचला. म्हणजे भाच्याचे मागणे काही वेडेपणाचे नव्हते. चूक आमच्या निवडण्यात होती.

चित्र वर, काम खाली

मुले स्केटबोर्ड घेताना फळीवरचे चित्र बघतात. मीही तेच केले. बघायचे ते फळीच्या खाली असते.

फळीखाली पुढे एक आणि मागे एक असे दोन धातूचे सांगाडे असतात. त्यांना ट्रक म्हणतात. प्रत्येक ट्रकच्या दोन टोकांना दोन चाके. आपण फळीवर एका बाजूला भार दिला की ट्रक तिरक्या आसावर फिरतो. पुढची चाके एकीकडे वळतात, मागची त्याच्या उलट आणि फळी गोल जाते. स्नोबोर्डमध्ये जे काम वळलेली कड करते, ते इथे ट्रकचा हा तिरका आस करतो. लांब बोर्डांच्या ट्रकवर 50 अंश किंवा 43-44 अंश असे आकडे दिलेले आढळतात. 50 अंशाचा ट्रक कमी झुकण्यात जास्त वळतो. कमी अंशाचा सावकाश वळतो, पण वेगात स्थिर राहतो.

ट्रकमध्ये मधोमध एक जाड बोल्ट असतो आणि त्यावर रबरासारखे दोन गुटके, त्यांना बुशिंग म्हणतात. झुकल्यावर तेच दबतात आणि तेच आपल्याला पुन्हा सरळ उभे करतात. झुकण्याची गोडी असते ती या गुटक्यांत. हलक्या मुलाला मऊ गुटके लागतात, वजनदार माणसाला कडक. आमच्या ज्वाळांच्या बोर्डचे गुटके कडक प्लास्टिकसारखे होते. भाच्याने सगळे अंग झुकवले तरी तो जेमतेम वळायचा. जो बोर्ड वळतच नाही तो उतारावर फक्त वेग घेतो.

दुकानात करायची परीक्षा सोपी आहे. बोर्ड जमिनीवर ठेवा, मुलाला वर उभे करा, तुम्ही त्याचे दोन्ही हात धरा. त्याला आधी पायाच्या बोटांवर आणि मग टाचांवर भार द्यायला सांगा. ज्या बाजूला तो झुकेल त्या बाजूची पुढची-मागची चाके एकमेकांकडे सरकताना डोळ्यांना दिसली पाहिजेत. नट थोडा सैल करूनही दिसत नसतील तर तो बोर्ड परत ठेवा. आणखी एक बघा. पुरते झुकल्यावर चाक फळीला घासता कामा नये. चालत्या बोर्डचे चाक फळीला घासले की ते जागीच अडते, आणि पुढे काय होते ते मी वर लिहिलेच आहे.

चाकांचे दोन आकडे असतात. एक व्यास, दुसरा कडकपणा. उड्या मारायच्या छोट्या बोर्डांची चाके 50 ते 54 मिलिमीटरची आणि दगडासारखी कडक असतात. त्यांच्यावर '99ए' किंवा त्याच्या जवळपासचा आकडा असतो. झुकत वळायचे असेल तर 65 ते 75 मिलिमीटर व्यासाची आणि 75ए ते 80ए कडकपणाची चाके हवीत. हा आकडा जितका कमी तितके चाक मऊ. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला जांभ्याची बारीक खडी कायम पडलेली असते. छोटे कडक चाक एका खड्यावर अडते. मोठे मऊ चाक त्यावरून निघून जाते.

राहिली फळी. झुकत वळण्यासाठीच्या काही लांब फळ्या बांबू आणि फायबरग्लासच्या थरांनी करतात आणि मध्ये किंचित उचललेल्या ठेवतात. वळताना त्या भाराने दबतात आणि वळण संपताना वर उसळी देतात. खांद्यावर कावड घेऊन चालणाऱ्याला ही लय माहीत असते. अशा बोर्डांच्या यादीत लॉस एंजेलिसच्या 'लोडेड' कंपनीच्या एका बोर्डचे नाव वाचून मी थबकले. 'डर्विश समा'. दर्वेश आणि समा! दर्वेशांचे गोल फिरणे आम्ही उर्दूच्या तासाला शिकवतो, ते शब्द मला चाकांच्या बाजारात भेटले. भाच्याला अर्थ समजावून सांगितला, तेव्हा उर्दूच्या बाबतीत पहिल्यांदाच त्याने मला आपणहून पुढचा प्रश्न विचारला.

कोणता बोर्ड कशासाठी?

बर्फासारखे झुकून वळायचे म्हटले तर बाजारात मुख्यतः तीन प्रकार आहेत. प्रत्येकाचा गुण वेगळा आणि धोकाही वेगळा.

पहिला, लांब बोर्ड म्हणजे लाँगबोर्ड. पुढचा आणि मागचा ट्रक सारखाच वळतो, त्यामुळे पूर्ण फळी एकाच कमानीत जाते. स्नोबोर्डच्या शुद्ध कार्व्हिंगची चव याच्यात बरीच येते. ज्या लाँगबोर्डमध्ये ट्रक फळीच्या भोकातून आरपार बसवलेला असतो, त्याची फळी जमिनीला जवळ असते. अशा फळीवरून पाय खाली टेकून थांबणे सोपे जाते. मात्र लाँगबोर्डची खरी गंमत यायला सौम्य उतार लागतो, रुंद जागा लागते आणि उताराच्या शेवटी बोर्ड आपोआप थांबेल असा लांब सपाट भाग लागतो. बर्फावरचे लोक वेग आवरायला डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वळणे घेतात. रस्त्यावर तसे करायचे तर संपूर्ण रस्ता लागतो, आणि समोरून एसटी येत असेल तर तो मिळणार नाही.

दुसरा, सर्फस्केट. 1990च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या व्हेनिस भागात 'कार्व्हर' कंपनीने हा प्रकार लोकांपर्यंत आणला. याचा पुढचा ट्रक मागच्यापेक्षा कितीतरी जास्त वळतो. त्यांच्या 'सी-7' प्रकारात पुढच्या ट्रकला स्प्रिंगवर फिरणारा एक हात असतो. 'सीएक्स' प्रकारात तो नसतो, बांधणी साधी असते आणि पुढचा ट्रक जरा कमी भिरभिरतो. याची चव बर्फापेक्षा समुद्राच्या लाटेची जास्त, कारण बोर्ड मागच्या पायाभोवती फिरतो. पण याचा एक मोठा गुण आहे. याला उतार लागतच नाही. खांदे आणि कंबर एका लयीत फिरवत, दबत-उठत गेले की सपाट जमिनीवरही बोर्ड वेग घेतो, आपण झोपाळ्यावर उभे राहून झोका चढवतो अगदी तसा. अंग थांबवले की वेग आपोआप उतरतो. उलट, हाच बोर्ड उतारावर नेला तर पुढचा सैल ट्रक वेगात थरथरू लागतो आणि माणूस पडतो. सर्फस्केट उतारावर न्यायचा नाही, हा नियम घरात लिहून लावावा.

तिसरा, सहा चाकांचा 'फ्रीबोर्ड'. स्नोबोर्डच्या सर्वांत जवळ जाणारा हाच. सॅन फ्रान्सिस्कोत स्टीन स्ट्रँड यांनी तो तयार केला. कडांना चार चाके, आणि फळीच्या मधोमध पुढे-मागे एकेक चाक, ऑफिसच्या खुर्चीच्या चाकासारखे चहूकडे फिरणारे आणि किंचित खाली आलेले. भार मधल्या चाकांवर असला की बोर्ड हव्या त्या दिशेला, अगदी आडवाही जातो. कडेच्या चाकांवर भार दिला की पकड येते. म्हणजे याच्यात खडूही आहे आणि डस्टरही. पाय निसटू नयेत म्हणून वर अडकवण्या असतात, पण त्यांतून पाय चटकन काढता येतो. भाच्याला अर्थातच हाच हवा होता. पण तो शिकायला चांगला उतार हवा, गुळगुळीत आणि वाहनांसाठी बंद असलेला, शिवाय जवळ शिकवणारा कोणी तरी. शिकताना चुकीच्या बाजूची कड लागली की माणूस क्षणात आडवा होतो, बर्फावर होतो तसाच, फक्त खाली बर्फ नसतो. दुबईत त्याच्या घराजवळ असा उतार नाही. आमच्या गावात उतार आहे, पण तो खाडीच्या धक्क्यावर संपतो.

याशिवाय दोन चाकांचा, मध्ये पिळ बसणारा वेव्हबोर्ड आपल्याकडे खेळाच्या दुकानांत दिसतो. तोल शिकायला तो चांगला आहे. पण त्याची चाल कंबर वळवत नागमोडी जाण्याची आहे. एका लांब वळणात निवांत झुकून राहण्याचे सुख त्यात नाही.

सुटण्याआधी थांबणे

बोर्ड कोणताही घ्या, पहिला आठवडा फक्त थांबण्याचा. पुढचा पाय बोर्डवर, बोटे समोर, गुडघा वाकवलेला, सगळा भार त्याच पायावर. मागचा पाय हळूच खाली आणून बुटाचा पूर्ण तळ जमिनीवर घासत न्यायचा. टाच किंवा चवडा एकदम रोवायचा नाही. आधी सपाट जागेवर चालण्याच्या वेगात, मग थोड्या जास्त वेगात. चप्पल किंवा सँडलवर हे करायचे नाही. सपाट तळाचे बंद बूट हवेत.

उतारावर जायचेच असेल तर आमच्या घरात आता एक नियम आहे. खालून वर दहा पावले मोजायची. तिथून सुटायचे आणि खाली ठरलेल्या रेघेच्या आत थांबायचे. तीन वेळा नीट थांबता आले तरच वीस पावलांवर जायचे. जिथून थांबता येते तिथूनच सुटायचे, त्याच्या वरून नाही. त्या सकाळी भाचा एकदम शंभर पावलांवरून सुटला होता आणि मी खालून "ये" म्हणून हात केला होता.

डोक्याला हेल्मेट हवेच. स्कूटरचे नको. ते जड असते आणि कान झाकते. सायकल आणि स्केटिंगच्या हेल्मेटवर 'ईएन 1078' हा युरोपीय मानकाचा शिक्का असतो, तो बघून घ्या. मनगटाचे गार्ड घ्या, ज्यात तळहाताच्या बाजूला कडक पट्टी असते. पडताना माणूस हात पुढे करतोच, ते शिकवून जात नाही. मनगट वाचवायचे असेल तर गार्ड घालूनच चढले पाहिजे. गुडघ्याचे पॅड घातले की मुलांना गुडघ्यांवर पडून पुढे सरकायला शिकवता येते. हा सराव गवतावर किंवा जुन्या गादीवर करावा.

खाडीकाठच्या घरांना एक खास सूचना. खाऱ्या हवेने आणि पावसाने चाकांतली बेअरिंग लवकर गंजतात. पावसाळ्यात बोर्ड कोरड्या जागी, चाके वर करून ठेवा. बेअरिंग खराब झाली तर 'स्केटबोर्डची बेअरिंग' म्हणून शोधत फिरू नका. ती '608' क्रमांकाची असतात, आतले भोक 8 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 22, जाडी 7. तालुक्याच्या कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात हा क्रमांक सांगितला की मिळतात.

आणि पैशांचे. चांगला बोर्ड आमच्या ज्वाळांच्या बोर्डच्या कित्येक पट महाग पडतो, हे खरे आहे. पण त्याचा ट्रक, गुटके, चाके, बेअरिंग हे सगळे वेगवेगळे सुटते आणि बदलता येते. ज्याच्या नटाला पाना लागत नाही, जो एकदा मोडला की कचऱ्यात जातो, तो स्वस्त नसतो. तेवढे पैसे जमेपर्यंत थांबावे. थांबण्याचा तोही एक सराव.

या डिसेंबरात

भाच्याने ईदी आणि खाऊचे पैसे जमवले, उरलेले त्याच्या अब्बांनी घातले. मे महिन्यात त्याने सर्फस्केट घेतला, स्प्रिंगचा हात नसलेला. फ्रीबोर्डवरून तो सर्फस्केटवर कसा आला, ते त्याच्याच शब्दांत सांगते. "खाला, माझ्याकडे डोंगर नाही. मग डोंगराचा बोर्ड घेऊन मी काय करू? सपाट जागा आहे, तर सपाट जागेचाच घेतो." निबंधाच्या वहीत असे एखादे वाक्य सापडले तर मी पैकीच्या पैकी गुण देते.

या डिसेंबरात तो बोर्ड बॅगेत घालून आला. रविवारी सकाळी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आम्ही शाळेच्या प्रार्थनेच्या काँक्रीटच्या अंगणात गेलो. लेकीने झाडू घेऊन आधी सगळे अंगण झाडले, कारण खडा काय करतो ते तिला माहीत आहे. भाच्याने हेल्मेट चढवले, गार्ड बांधले आणि अंगणात मोठमोठे आठाचे आकडे काढू लागला. गुडघे वाकलेले, हात जमिनीच्या जवळ, चेहऱ्यावर व्हिडिओतले तेच हसू. बर्फासारखे आहे का, असे विचारले तर म्हणाला, "तसंच नाही. पण झुकल्यावर पोटात जे होतं ना, ते तसंच होतं."

तासाभराने लेक माझ्याजवळ आली. "अम्मी, मी चढू?"

खरे सांगते, त्या क्षणी मला खाडीचा रस्ता दिसला आणि माझ्या तोंडावर 'नको' आले होते. पण मी तिचे गार्ड बांधले. पट्टे दोनदा ओढून बघितले. भाच्याने तिचे दोन्ही हात धरले, तिला बोर्डवर उभे केले, आणि ती निघणार इतक्यात तिला विचारले, "आधी सांग, थांबणार कसा?"

तिने पाय खाली घेऊन बुटाचा तळ जमिनीवर घासून दाखवला. मग त्याने हात सोडले.

मी बाजीला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल त्या दोघांकडे धरला. या वेळी आभाळ दिसले नाही.

पुढच्या अंकात: दहावीच्या उर्दूच्या पेपरात मुले वेळेत का पोहोचत नाहीत, आणि घरी त्यासाठी काय करता येईल.